अभिप्राय क्रमांक सत्त्याऐंशी

एकोणिसाव्या माणसानेही नकार कळवला तेव्हा घड्याळबाईंनी यादीचा कागद चुरगाळला आणि लगेच टेबलावर ठेवून तळहाताने सरळ केला, कारण नकारांची नोंदसुद्धा वर पाठवावी लागत असे. हवामान अहवालाच्या कचेरीत त्यांचं काम लिहिण्याचं नव्हतं, लिहिणाऱ्यांच्या मागे लागण्याचं होतं. कोणाचा मजकूर आला नाही, कोणाची सही राहिली, कोण हो म्हणून गायब झालं, हे सगळं त्यांच्या माथी. म्हणून घड्याळबाई. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मुलीने एकदा विचारलं होतं, आई, तू तो जाडजूड अहवाल लिहितेस का? तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, आणि नंतर बराच वेळ त्या विनाकारण भांडी आदळत होत्या.

या खेपेला घोडं अडलं होतं चक्रीवादळांपाशी. गेल्या साठ वर्षांत ही वादळं वाढली का, जोरदार झाली का, एवढं सांगणारा आठ पानांचा भाग होता. त्याचा लेखक दुसरीकडे मोठी खुर्ची मिळताच हात झटकून निघून गेला. आता त्या जागी तज्ज्ञ हवा होता. पण तज्ज्ञ ही काय चीज असते ते घड्याळबाईंना पंधरा दिवसांत कळून चुकलं. एक म्हणाला, मी फक्त वादळाच्या डोळ्यातला माणूस आहे, डोळ्याबाहेरचं मला विचारू नका. दुसऱ्याने तीन महिन्यांची मुदत मागितली, हातात तीन दिवस असताना. तिसरीने मुखपृष्ठावर नाव येईल का ते विचारलं. चौथ्याने स्वतः कानावर हात ठेवले आणि एका थोर विद्वानांचं नाव सुचवलं. ते विद्वान वारून दोन वर्षं झाली होती.

बुधवारी दुपारी, हा भाग अहवालाच्या ज्या प्रकरणात येई त्याच्या प्रमुखांनी त्यांना खोलीत बोलावलं. कचेरीत त्याला मखमल म्हणत. आवाज तसा, वागणं तसं, हस्तांदोलनसुद्धा तसंच. घड्याळबाई तोंडावर 'सर' म्हणत आणि मनातल्या मनात अरेतुरे करत. त्याने त्यांना बसायला सांगितलं, दमलात हो तुम्ही, असं म्हणाला, आणि मग हळूच एक नाव सुचवलं.

"आपले दोनशे चौदा. त्यांनाच आत घेऊ या की."

घड्याळबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दोनशे चौदा म्हणजे वेधशाळेतले एक निवृत्त निरीक्षक. अहवालाचा मसुदा जाहीर झाला की जगातला कोणीही माणूस नाव नोंदवून, आपली तज्ज्ञता आपणच एका ओळीत लिहून, त्यावर अभिप्राय पाठवू शकत असे. प्रत्येक अभिप्रायाला लेखी उत्तर द्यावं लागे: स्वीकारला, नाकारला, किंवा नोंद घेतली. उत्तर देणं खरं तर लेखकाचं काम, पण ते घड्याळबाईंवरच येऊन पडे. ही उत्तरं अहवालाबरोबर छापली जात. या निरीक्षकांनी त्या आठ पानांवर एकट्याने दोनशे चौदा अभिप्राय पाठवले होते. इथे स्वल्पविराम नको. इथे हवा. हेच वाक्य दुसऱ्या पानावर येऊन गेलं आहे, वाचकाला विसरभोळा समजू नये. पन्नास वाचून झाल्यावर घड्याळबाईंनी सगळ्यांपुढे एका दमात 'नोंद घेतली' चिकटवून टाकलं होतं. हे बरं नाही, हे त्यांना तेव्हाही कळत होतं, पण अख्ख्या प्रकरणावर तेवीसशे अभिप्राय आले होते आणि हात दोनच होते.

आणि आता मखमल त्याच माणसाला मान द्यायला निघाला होता. वेधशाळेत उभी हयात गेलेला माणूस, कागदोपत्री पदव्या नसतील, पण अनुभव आहे, असं तो म्हणाला. घड्याळबाईंना खरंच बरं वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती, अभिप्रायांचीही आणि नव्या लेखकाच्या फॉर्मचीही. त्यांनी निरीक्षकांना फोन करून शुक्रवारी दुपारी येते म्हणून सांगितलं. पलीकडून त्यांनी वेळ दोनदा विचारून घेतली.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार निरीक्षकांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. बहीणभाऊ दोघंच तिथे राहत. या ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या, हे त्यांनी दारातच सांगितलं, आणि भाऊ सकाळपासून तीनदा शर्ट बदलून बसला आहे, हेही. निरीक्षक आत टेबलाशी ताठ बसले होते. इस्त्रीची घडी बाहीवर अजून दिसत होती. खोलीत कपाटं तीन, पण कपडे दाराच्या खुंट्यांवर, कारण कपाटांत वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, पाठीवर वर्ष लिहिलेल्या, एकीला एक खेटून.

फॉर्म काढण्याआधी घड्याळबाईंनी सहज विचारलं, एवढ्या वह्यांत काय आहे? आणि निरीक्षकांना कंठ फुटला.

ते सांगत गेले ते असं. वारा एकसारखा वाहत नाही, झोत येतो आणि ओसरतो. म्हणून वादळाचा वेग सांगायचा तर काही वेळाची सरासरी धरावी लागते. एका मिनिटाची धरली तर आकडा मोठा येतो, दहा मिनिटांची धरली तर त्याच वादळाचा आकडा दहा-बारा टक्क्यांनी खाली येतो. त्यांच्या वेधशाळेत पूर्वी एका मिनिटाची धरत. मग एका वर्षी परिपत्रक आलं, यापुढे दहा मिनिटांची धरावी. अर्ध्या पानाचं, टाइप केलेलं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तसं मोजायला लागले. ते परिपत्रक कुठल्या पुस्तकात छापलं गेलं नाही. पुढे मोठ्या संस्थेने सगळ्या वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले, तेव्हा अर्धे एका मापाचे आणि अर्धे दुसऱ्या मापाचे आहेत, हे कोणाच्या गावीही नव्हतं. निरीक्षकांनी वही उघडली. परिपत्रक तिथे डकवलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, खाली अकरा सह्या. त्यातली सातवी त्यांची.

"म्हणजे नंतरची वादळं आहेत त्यापेक्षा मवाळ दिसतात?" घड्याळबाईंनी विचारलं.

"दिसतात. तुमच्या आकृतीत रेघ सपाट आहे ना, ती सपाट नाही. दोन्हीकडचं माप सारखं केलं की ती चढते."

मसुद्यातलं वाक्य घड्याळबाईंना पाठ होतं. वादळांच्या जोरात स्पष्ट वाढ दिसत नाही. किनाऱ्यावरची छपरं आणि आसऱ्याच्या इमारती किती वाऱ्याला टिकाव्यात, हे याच वाक्यावरून पुढची सात वर्षं ठरणार होतं. त्या जरा रागानेच म्हणाल्या, हे तुम्ही आजवर कोणाला सांगितलं का नाही? निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. सांगितलंय, म्हणाले. सत्त्याऐंशी.

घड्याळबाईंनी लॅपटॉप उघडला. शहाऐंशी क्रमांकाचा अभिप्राय अनुस्वाराबद्दल होता. अठ्ठ्याऐंशी तळटीपेच्या आकाराबद्दल. मधे सत्त्याऐंशी होता, चार ओळींचा, परिपत्रकाच्या तारखेसकट. आणि त्याच्यासमोर त्यांचं स्वतःचं उत्तर होतं: नोंद घेतली.

त्यांचे कान तापले. आधी राग आला तो या म्हाताऱ्याचा. छपरं उडतील अशी गोष्ट माणूस दोन स्वल्पविरामांच्या मधे ठेवतो? त्यांनी तसं विचारलंही. निरीक्षक गोंधळून म्हणाले, पानांच्या क्रमाने लिहिले, क्रम मोडायचा नसतो. वेधशाळेची सवय. मग राग आला तो स्वतःचा, आणि तो उतरायला तयार नव्हता. वाचलं असतं तर दिसलं असतं. वाचलं नाही.

अजून तिसरा राग यायचा होता. निरीक्षक पेन हातात घेऊन म्हणाले, सही करण्याआधी फॉर्म मोठ्याने वाचा, न वाचलेल्या कागदावर मी सही करत नाही. घड्याळबाई वाचत गेल्या. नाव, पत्ता, विषय. नवव्या कलमापाशी त्यांची जीभ अडखळली. लेखक हाच समीक्षक असू शकत नाही. सही करताच त्याने पूर्वी दिलेले सर्व अभिप्राय रद्द झाले असे समजण्यात येईल.

दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. सत्त्याऐंशी धरून.

त्या उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या आणि मखमलला फोन लावला. तो गोडच बोलला. काम झालं का, चहा घेतला का. घड्याळबाईंनी विचारलं, सर, सत्त्याऐंशी क्रमांकाचा अभिप्राय तुम्ही वाचला होता का?

"अहो, जुनं प्रकरण आहे ते. पुढच्या अहवालात बघू. आणि ते आत आले की अभिप्राय आपोआप मिटतात, तुमचंच काम हलकं झालं की."

पुढचा अहवाल सात वर्षांनी. ती सपाट रेघ मखमलच्याच संस्थेने काढली होती, त्याच्याच नावावर ती दहा वर्षं मिरवत होती. त्याने अभिप्राय वाचला होता. खरा आहे हे ओळखलं होतं. आणि खरा आहे म्हणूनच तो मिटवायचा होता. त्यासाठी म्हाताऱ्याला मान द्यायचा, आणि तो मान घेऊन जायला घड्याळबाई. साखर पेरायला आपल्याला पाठवलं, आणि आपण आनंदाने आलो. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला रिकामा पेला त्यांनी उचलला आणि पुन्हा ठेवला, कारण पेला दुसऱ्याच्या घरचा होता.

बाहेर येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. काही हातचं राखलं नाही, स्वतः चिकटवलेलं 'नोंद घेतली'सुद्धा नाही. निरीक्षकांनी शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाचाच: लेखक म्हणून आत गेल्यावर मी आकृती बदलू शकत नाही? नाही, घड्याळबाई म्हणाल्या. मसुदा जाहीर झाल्यावर आकृती बदलायची तर तिच्यावर कोणाचा तरी अभिप्राय नोंदलेला हवा. तुमचा रद्द झाला की तिच्यावर एकही उरत नाही. मी पाहिलं.

निरीक्षक फॉर्मकडे बघत राहिले. 'योगदान देणारे तज्ज्ञ' असं वर ठळक छापलं होतं. ते त्या शब्दांवरून बोट फिरवत होते. मग हळू आवाजात म्हणाले, पुढच्या अहवालात दुरुस्त करू म्हणतात ना ते.

घड्याळबाईंना विश्वासच बसेना. पण बोलल्या त्या ताई.

"सात वर्षांनी तू असशील का रे?"

"ताई, मला आजवर कधी कोणी विचारलं नाही गं," निरीक्षक म्हणाले. "चाळीस वर्षं वारा मोजला. शास्त्रज्ञ यायचे, आकडे घेऊन जायचे. कागदावर त्यांचं नाव. एकदा तरी..."

आणि ताईंचा बांध फुटला. त्यांनी आवाज चढवला नाही. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई होती ती, शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता.

"आणि मला कोणी विचारलं? अठरा वर्षं रोज दुपारी दोन ते चार मी या खुर्चीत बसते. तुला बारीक आकडे दिसत नाहीत म्हणून वह्या मी वाचते, तू मोठ्या अक्षरात लिहितोस. मग तू वाचतोस, मी बरोबर म्हणते. अकराशे वादळी दिवसांचे वारे माझ्या तोंडून गेलेत. उन्हाळा नाही, आजारपण नाही. एकदा तरी म्हणालास, ताई, दमलीस का? नाव नाव करतोस. ज्या नावासाठी खरा आकडा पुसायचा ते घरात नको मला. सही केलीस तर उद्यापासून तुझं तूच वाच."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की त्यांच्याकडे बघवेना. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

घड्याळबाई मात्र ताईंकडे टक लावून बघत होत्या. वह्या मी वाचते. पंधरा दिवस त्या तज्ज्ञ शोधत होत्या, एकोणीस नकार पदरात घेतले होते, आणि नियम त्यांच्याइतका कोणालाच पाठ नव्हता. समीक्षक कोणीही होऊ शकतो. तज्ज्ञता ज्याची त्याने लिहायची. मुदत पाचपर्यंत. मखमलने नियमच वापरायचे ठरवले असतील तर आपणही वापरू. त्यांनी लॅपटॉप ताईंपुढे सरकवला आणि समजावून सांगितलं: आधी अभिप्राय तुमच्या नावाने, मग लेखक म्हणून सही त्यांची. ताईंना ते एकदा सांगून कळलं, निरीक्षकांना दोन वेळा सांगावं लागलं.

नाव, वय, व्यवसाय भरून झालं. 'विषयातील तज्ज्ञता' या चौकटीपाशी ताई थांबल्या. काय लिहू, म्हणाल्या. आत्ता म्हणालात तेच, घड्याळबाई म्हणाल्या. ताईंनी एका बोटाने टाइप केलं: वाऱ्याच्या नोंदी अठरा वर्षे मोठ्याने वाचल्या आहेत.

अभिप्राय त्यांनी तीन वाक्यांत लिहिला. भावाला मधे बोलू दिलं नाही. अमुक तारखेपासून मोजण्याची पद्धत बदलली. आकृतीत दोन मापं मिसळली आहेत. माप सारखं करून रेघ पुन्हा काढावी. परिपत्रकाचा फोटो काढून जोडला. निरीक्षक मागे उभे होते, ते कसनुसे होऊन एवढंच म्हणाले, दुसऱ्या वाक्यानंतर पूर्णविराम राहिलाय. ताईंनी वळून अशी नजर टाकली की ते खुर्चीत जाऊन बसले. पण पूर्णविराम त्यांनी दिला.

अभिप्राय पोचल्याची पावती चार चाळीसला आली. मग निरीक्षकांनी फॉर्मवर सही केली. त्यांचे दोनशे चौदा अभिप्राय त्या क्षणी रद्द झाले, आणि त्यातल्या काही स्वल्पविरामांबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं, हे स्पष्ट दिसत होतं.

सोमवारी मखमलने बोलावलं तेव्हा आवाजातली मऊ लव पार झडून गेली होती. ही बाई कोण? समीक्षक, घड्याळबाई म्हणाल्या. हिची तज्ज्ञता काय? त्यांनी लिहिली आहे, सर. हा अभिप्राय नाकारा, तो म्हणाला. घड्याळबाईंना भीती वाटत होती, पण आता राग तिला भारी पडला होता.

"त्या भागाच्या अभिप्रायांना उत्तरं त्या भागाचा लेखक देतो. लेखक तुम्हीच सुचवलात. तरी नाकारायचाच असेल तर कारण तुम्ही लिहा. खाली तुमचं नाव येईल, आणि परिपत्रक शेजारीच छापलं जाईल."

मखमलने टेबलावरचे कागद उगाच एका सरळ रेषेत लावले. मग म्हणाला, पुढच्या फेरीत तुमची गरज लागेल असं वाटत नाही. घड्याळबाईंनी मान डोलावली आणि बाहेर आल्या. आपल्या टेबलाशी बसून त्यांनी तेवीसशे अभिप्रायांची फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडली. जिथे जिथे 'नोंद घेतली' एका दमात चिकटवलं होतं, तिथे तिथे ते पुसलं आणि वाचायला सुरुवात केली. नोकरी जायचीच होती, तर काम तरी केलेलं असावं. त्या दातओठ खात वाचत होत्या, आणि वाचताना आणखी चार खरे अभिप्राय सापडले, त्यामुळे राग वाढतच गेला.

उत्तरांचा तक्ता भरायचा दिवस आला तेव्हा त्या लॅपटॉप घेऊन त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. नवी आकृती निरीक्षकांनी आधीच पाठवली होती. रेघ चढत होती. आता ताईंच्या अभिप्रायासमोरची चौकट तेवढी भरायची राहिली होती. निरीक्षकांनी खूप वेळ घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ताई आत होत्या. झाल्यावर त्यांनी हाक मारली आणि नेहमीची खुर्ची पुढे ओढून दिली.

बारीक अक्षर आहे, तू वाच, ते म्हणाले.

ताईंनी चष्मा लावला आणि रोजच्या सुरात, शब्द सुटा करत वाचलं: स्वीकारला. आकृती बदलली आहे. या समीक्षकांनी अठरा वर्षांत एकही आकडा चुकीचा वाचलेला नाही. हे लेखकाने फार पूर्वी सांगायला हवे होते.

वाचून झाल्यावर त्या स्क्रीनकडेच बघत राहिल्या. निरीक्षक टेबलाच्या कडेवरून नखाने काहीतरी खरवडत होते. हे छापलं जाणार? ताईंनी घड्याळबाईंना विचारलं. जसंच्या तसं, घड्याळबाई म्हणाल्या.

मग ताईंनी लॅपटॉप भावाकडे वळवला. आता तू वाच, म्हणाल्या. पद्धत मोडायची नाही.

निरीक्षकांनी चौकट डोळ्यांजवळ नेली आणि वाचली. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला, म्हणून ते वाक्य त्यांना पुन्हा वाचावं लागलं. ताईंनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.